झोरे मार्शे, म्हणजे ‘मी चाललो असतो’

जळगाव,
बुधवार, ता. ११ डिसेंबर १९५७

तीर्थस्वरूप नाना यांचे चरणी भाचा जीवराम याचा साष्टांग नमस्कार. इकडील सर्व मंडळी, म्हणजे मी एकटा, जिवंत आहे. क्षेम आहे असं पुढे लिहायची रीत आहे, पण धुळ्याच्या मुलींच्या शाळेत हेडमास्तर असूनही तुम्ही इतकी वर्षं निबंध तपासलेत, तुमच्यापुढे खोटं वाक्य कशाला लिहू? तुमचा गुडघा कसा आहे? थंडी पडली की तो दुखतो, आणि तो दुखला की तुम्ही पोरींना जास्त गणितं घालता, असं कुंदामामी दिवाळीत सांगत होत्या. मामींचा खोकला थांबला असावा. नसल्यास अडुळशाचा काढा चालू ठेवावा. (मागे मी पाठवलेली बाटली त्यांनी तुळशीत ओतली हे मला ठाऊक आहे. तुळशीला तरी आराम पडला असेल.) फैजपूरहून वडिलांचं पत्र आलं होतं. थंडीनं केळीची पानं करपली आहेत, घडांना भाव नाही, आणि पत्राच्या शेवटी ‘तुझ्या नोकरीचा तेवढा आधार’ असं लिहिलं आहे. त्या आधाराविषयीच हे पत्र आहे. शनिवारी तो संपतो.

नाना, मला फ्रेंच घ्यायला तुम्ही लावलंत. ही तक्रार नाही, फक्त आठवण करून देतो. कॉलेजात नाव घालायला आपण दोघे गेलो होतो तेव्हा संस्कृतच्या रांगेत ऊन होतं आणि फ्रेंचच्या खिडकीपाशी सावली. तुम्ही म्हणालात, इकडे ये, भाषा ती भाषा. तेवढ्या सावलीपायी मी या वयात जळगावसारख्या गावात फ्रेंच शिकवत बसलो. आमच्या शाळेत फ्रेंच का, हे मला येणारा जाणारा विचारतो, म्हणून एकदा लिहून टाकतो. कोणे एके काळी कापसाच्या एका पारशी जिनवाल्यानं शाळेला कपाटभर फ्रेंच पुस्तकं दिली, वर एक खोली बांधून दिली, आणि अट घातली की जोवर शाळेत एक तरी विद्यार्थी फ्रेंच घेतो आहे तोवर फ्रेंचचा मास्तर ठेवायचा. जिनवाला गेला, कपाटाला वाळवी लागली, पण अट धडधाकट आहे. मी लागलो तेव्हा बाकं भरून पोरं होती. मग कुणीतरी उठवलं की अर्धमागधीत मार्क खिरापतीसारखे वाटतात, आणि एकेक पोरगा तिकडे गेला. (त्यांना काय बोलणार? मलाही सावलीच दिसली होती.)

यंदा एकच उरली. जमना, अकरावीतली, रतिलालभाई कापडवाल्यांची मुलगी. ती आहे तोवर मी आहे, हे शाळेत सगळ्यांना पाठ होतं. आमचा शिपाई तर रोज सकाळी मला विचारायचा, “जमनाबेननी तब्येत बरी शे ना, मास्तर?” तिला पडसं झालं की मला ताप यायचा. पण नाना, ती नुसती माझी भाकरी नव्हती. चांगली मुलगी आहे. मी जे पुस्तकात वाचून दुसऱ्या दिवशी सांगायचो ते तिनं आदल्या दिवशीच वाचलेलं असायचं. मार्चात ती मॅट्रिकला बसणार होती. पास झाली तर पुण्याला शिकायला पाठवीन असं रतिलालभाई एकदा जेवता जेवता बोलून गेले होते. ते स्वतः ताक पिऊन उठेपर्यंत विसरले, पण पोरीनं तेवढं एक वाक्य धरून ठेवलं होतं.

आता मुख्य दुःखाकडे येतो. फ्रेंचात एक काळ आहे. आपण त्याला भूतकाळाचा संकेतार्थ म्हणू, म्हणजे जे झालं असतं पण झालं नाही ते सांगायचा काळ. आपल्याकडे ‘असतो, असतास, असता’ लावून भागतं. त्या लोकांनी त्यासाठी वेगळा काळ बांधून ठेवला आहे, सहा रूपांचा. (मला तो पहिल्या दिवसापासून घरचा वाटतो. वर्तमानकाळ शिकवताना मी अडखळतो, यात कधी अडखळलो नाही.) तो शिकवायला नियमानं चालणारं एखादं क्रियापद घ्यावं लागतं. आमच्या पुस्तकात जे छापलं आहे त्याचा अर्थ ‘प्रेम करणे’. दुसरी काही क्रिया त्या लोकांना सुचलीच नाही. प्रथम पुरुष प्रेम करतो, द्वितीय पुरुष प्रेम करतो, तृतीय पुरुषही मागे राहत नाही. आता तुम्हीच सांगा, सोळा वर्षांची एकटी मुलगी, समोर बिनलग्नाचा मास्तर, दार उघडं ठेवलं म्हणून काय झालं, तिला ‘मी प्रेम केलं असतं, तू प्रेम केलं असतंस’ हे घोकायला देणार कसं? म्हणून मी ते पान उलटलं आणि तितकंच नियमित दुसरं क्रियापद दिलं. ‘चालणे’. चालण्याहून सोज्वळ काम माणसाला करता येत नाही, असा माझा समज होता.

त्याची रूपं अशी होतात. झोरे मार्शे, मी चाललो असतो. त्यू ओरे मार्शे, तू चालला असतास. ईल ओरे मार्शे, तो. नूझोरियों मार्शे, आम्ही. वूझोरिये मार्शे, तुम्ही. ईलझोरे मार्शे, ते. (उच्चार माझे आहेत. मला शिकवणाऱ्या प्रोफेसरांनीही फ्रान्स पाहिलं नव्हतं, तेव्हा मूळचे कसे आहेत हे पारशी जिनवाल्यालाच ठाऊक.) पाठ होत नसेल तर चालता चालता म्हण, म्हणजे अर्थही ध्यानात राहील, असंही मी जमनाला सांगितलं. अध्यापनशास्त्राच्या पुस्तकात तसं दिलेलं आहे. त्या पुस्तकाला माझा नमस्कार सांगावा, तुमच्या शाळेत त्याची प्रत असेल.

जमना त्या संध्याकाळपासून घरच्या ओट्यावर येरझाऱ्या घालत म्हणू लागली, झोरे मार्शे, त्यू ओरे मार्शे. ओट्यावर तिची आजी बसते. तिला सगळे बा म्हणतात. बाला कानानं कमी ऐकू येतं, पण पूर्ण ऐकू येत नाही असंही नाही, आणि घात झाला तो या मधल्या अवस्थेमुळे. नाना, तुम्ही गुजराती दुकानांत सामान घेता, तुम्हाला सांगायला नको. ‘मारशे’ म्हणजे मारील. ‘जोरे मारशे’ म्हणजे जोरानं मारील. म्हातारीनं ऐकलं की नात रोज दिवेलागणीला भेदरल्यासारखी फेऱ्या घालते आणि म्हणते, जोरानं मारील, तू, ओ रे, मारील. तिनं पोरीला धरून विचारलं, “कोण मारशे?” जमनाचं लक्ष पाठांतरात. ती म्हणाली, “बा, ए तो मास्तरे आप्युं छे.” म्हणजे, ते मास्तरांनी दिलंय. तिनं क्रियापदाबद्दल सांगितलं. बानं ते माराबद्दल घेतलं.

तरीही म्हातारीचे कान म्हणून कुणी सोडून दिलं असतं. पण त्यांच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बेबाबाई आहेत. त्या आपल्या इकडच्या, त्यांना गुजरातीशी कर्तव्य नाही. त्यांना विचारल्यावर त्या म्हणाल्या, “हाव, पोरगी रोज म्हनस, मार शे, मार शे. बठ्ठी गल्लीले माहीत शे.” त्यांच्या बोलीत ‘मार शे’ म्हणजे मार आहे. तेव्हा गुजराती कानाला जे भविष्यकाळात ऐकू आलं तेच खानदेशी कानाला वर्तमानकाळात ऐकू आलं, आणि दोन्ही साक्षी जुळल्या. भूतकाळाचा संकेतार्थ फक्त मला आणि जमनाला ऐकू येत होता, आणि आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

सोमवारी हेडमास्तरांनी मला बोलावलं. रतिलालभाई टोपी मांडीवर ठेवून बसले होते. त्यांनी विचारलं, “मास्तर, माझ्या छोकरीला तुमी मारते?” मी आजवर कुणाला टपलीही मारलेली नाही. (माझ्या नोकरीच्या शेऱ्यात ‘दरारा कमी’ असं दोनदा आलेलं आहे.) मी शांतपणे सांगितलं की मार्शे म्हणजे मारणे नव्हे, चालणे. रतिलालभाईंचा चेहरा उतरला होता तो वर आला. त्यांनी पानाचा डबा काढून माझ्यापुढे सरकवला. नाना, मी तेव्हा पान घेऊन गप्प बसायला हवं होतं. पण व्याकरण शिकवणारा माणूस एका शब्दावर थांबत नाही, त्याला सगळे पुरुष पुरे करावे लागतात. मी म्हटलं, पूर्ण अर्थ असा की मी चाललो असतो. ते म्हणाले, “किदर?” मी म्हटलं, कुठेच नाही, गेलोच नाही, त्यातच त्या काळाचं वैशिष्ट्य आहे. ते म्हणाले, जे झालं नाही ते छोकरीला रोज म्हणायला कशाला लावता? मी म्हटलं, पुढे येतं ना, तू चालली असतीस. त्यांनी पानाचा डबा मागे घेतला. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं. मी म्हटलं, मग येतं, आम्ही चाललो असतो.

“आमी म्हंजे कोण कोण?” रतिलालभाईंनी विचारलं. मी म्हटलं, कुणीही, तसं ठरलेलं नसतं. “त्याच्यात छोकरी आहे?” आता बोलणारा ‘आम्ही’त असतोच, हे कुठल्याही भाषेचं व्याकरण आहे, आणि बोलत होती जमना. मी खोटं कसं बोलू? मी म्हटलं, आहे. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं की चालला असता, तर मग अडलं कशावरून? मी म्हटलं, ते पुस्तकात दिलेलं नाही. एवढं झाल्यावर हेडमास्तरांनी मला सावरून घ्यावं म्हणून विचारलं, मास्तर, पण पुस्तकातलं छापील क्रियापद सोडून तुम्ही हे का निवडलंत? मी विश्वासानं सांगितलं की ते अडचणीचं होतं. कोणतं होतं? मी सांगितलं. मार खाणाऱ्या मुलीचे बाप म्हणून आलेले रतिलालभाई, पळून जाणाऱ्या मुलीचे बाप होऊन उठले.

ते गेल्यावर हेडमास्तरांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, “जीवरामपंत, तुम्ही तिला मारलं असतं तरी एक वेळ चाललं असतं.” नाना, ते खरं आहे. मारक्या मास्तराचं कधी काही बिघडलेलं मी पाहिलं नाही. पुढे म्हणाले, तुम्ही आम्हाला चालला असता हो, पण अट अशी आहे. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलं आहे ते तुम्ही जाणताच, कारण दर वेळी माझ्या शेजारी तुम्हीच बसलेले होतात. रावेरला मुलगी पाहिली तेव्हा तिचे काका म्हणाले, मुलगा चालला असता, पण नोकरी कायम नाही. वरणगावला म्हणाले, चालला असता, पण फ्रेंच म्हणजे काय शिकवतो ते बायकांना समजत नाही. भुसावळला तर कारणही दिलं नाही, नुसतं ‘चालला असता’ म्हणून पोहे पुढे केले. मराठीत एवढ्या एका क्रियापदात माणसाचे पायही येतात आणि नशीबही येतं, आणि संकेतार्थात घातलं की दोन्ही जागच्या जागी राहतात. मी हे वर्गात सांगणार होतो. आता वर्ग नाही.

जमनाचं नाव शाळेतून काढलं आहे. मी शनिवारपर्यंत आहे, तोही कपाटातली पुस्तकं मोजून द्यायला. काल ती स्वतः पुस्तक परत करायला माझ्या खोलीवर आली होती. बरोबर बेबाबाई होत्या. त्या आम्हा दोघांच्या मधे बसल्या आणि माझ्या हातांकडे पाहत राहिल्या, न जाणो मारलं तर. जमना म्हणाली, मला धुळ्याला मामांकडे पाठवताहेत, मामी स्थळं बघते आहे. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मला पाणी आणायला तरी उठता आलं असतं. मी म्हटलं, चूक माझी, मी ते क्रियापद द्यायला नको होतं. ती म्हणाली, “सर, मला एक विचारायचं होतं. यात ‘जर’ कुठे आहे? पुस्तकात नुसतं ‘चालले असते’ आहे. जर काय, ते दिलंच नाही.” मी म्हटलं, ते ज्यानं त्यानं आपलं घालायचं असतं. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, “जर बाला अजून थोडं कमी ऐकू आलं असतं.” आणि हसली. बेबाबाईही हसल्या, का ते त्यांना माहीत नव्हतं. मला हसू आलं नाही, नाना. मला फार वाईट वाटलं. वाक्य बिनचूक होतं, जरच्या वाक्यात पाहिजे तोच काळ होता, आणि असं वाक्य करणारी दुसरी मुलगी मला मिळणार नाही, आणि ती आता कुणाच्या तरी घरी पापड लाटणार.

असो. हे सारं लिहिलं ते नुसतं कळावं म्हणून. माझ्यासाठी काही खटपट करू नये. तुमच्या ओळखी आहेत हे मला ठाऊक आहे, पण त्या झिजवू नयेत. मी फैजपूरला जाईन, केळीच्या बागेत पाणी धरीन. केळीला भाषा लागत नाही. मामींना नमस्कार, बच्चेमंडळींना आशीर्वाद, गुडघ्याला ऊब. लोभ आहेच, तो असाच असू द्यावा.

आपला भाचा
जीवराम

ता. क. कुंदामामींना हव्या असलेल्या केळीच्या वेफर्सची पिशवी भुसावळच्या माणसाबरोबर पाठवली आहे. तो माणूस खाणारा आहे, तेव्हा पिशवी पोचल्यावर वजनाबद्दल माझ्यावर शंका घेऊ नये.

ता. क. दुसरा. जमनाचे मामा म्हणजे आग्रा रोडवरचे भांड्यांचे व्यापारी. त्यांच्या दोन्ही मुली तुमच्याच शाळेत आहेत आणि ते तुमचा शब्द मोडत नाहीत, असं तुम्हीच एकदा अभिमानानं सांगितलं होतं. जमना रविवारी त्यांच्याकडे येते आहे. तुम्ही टांगा करून जावं आणि ‘स्थळं बघायची ती बघा, पण पोरगी मार्चपर्यंत माझ्या शाळेत बसू दे’ एवढं म्हणावं. स्थळ यायला मार्च उजाडेलच. माझं नाव काढू नये. काढल्यास ‘मी चाललो असतो’ची सगळी कथा तिथे पुन्हा होईल, आणि त्यांची आईही कानानं अर्धवट असल्यास काय घ्या.

ता. क. तिसरा. तुमच्या शाळेत फ्रेंच नाही, आणि जो विषय शाळेत शिकवला नाही तो घेऊन मुलीला परीक्षेला बसवायला तुम्ही तयार होत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. म्हणून मुद्दाम लिहितो की तिला आता मास्तराची गरज नाही. पुस्तक पुरं झालं आहे. जे राहिलं होतं ते मलाच येत नव्हतं, ते तिनं मला सांगितलं. तेव्हा हे पत्र आडवळणानं मी तुमच्या शाळेत जागा मागतो आहे असं वाचू नये. (वाचून झालं असल्यास पुन्हा वाचावं.)

ता. क. शेवटचा. तिला बसवा, नाना. माझं काय व्हायचं ते होईल. पण ‘जमना पास झाली असती’ हे वाक्य जन्मभर चारचौघांत सांगत फिरायची वेळ माझ्यावर आणू नका.